मॉरिशसला जाण्याचा हंगाम

मॉरिशसला जाण्याचा हंगाम : हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर वर्षातल्या कोणत्या काळात जावे, यासंबंधीचा विचार. बेट उष्ण कटिबंधात असल्याने तिथल्या समुद्रात बाराही महिने उतरता येते. त्यामुळे ‘कधीही जा, छानच असतं’ असे सर्रास सांगितले जाते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. या बेटावर ‘कोणत्या महिन्यात’ या प्रश्नाला ‘कोणत्या किनाऱ्यावर’ हा जोडप्रश्न असतोच, आणि दुसऱ्याचे उत्तर चुकले तर पहिल्याचे बरोबर येऊनही उपयोग होत नाही.

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ९०० किमी.वर असलेले हे ज्वालामुखीजन्य बेट साधारण २०° दक्षिण अक्षांशावर आहे. विषुववृत्तापासून नाशिक उत्तरेला जितके दूर, जवळपास तितकेच मॉरिशस दक्षिणेला. साहजिकच ऋतू उलटे आहेत. सूर्य ऐन माथ्यावर येतो तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे आपण तिळगूळ वाटतो तेव्हा तिथे घामाच्या धारा लागलेल्या असतात. आपल्याकडे वैशाखात पेटणारा गुलमोहर तिथे डिसेंबरात फुलतो; मूळचा तो शेजारच्या मादागास्करचाच. उसाला तुरे येतात ते मे-जूनमध्ये आणि गळीत हंगाम जूनच्या सुमारास सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो. आपल्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात तेव्हा तिथले विझायला आलेले असतात. मराठी प्रवाशाने मनातले कॅलेंडर आधी असे उलटे करून घ्यावे. ‘मे महिना म्हणजे उन्हाळी सुट्टी’ हे डोक्यात धरून गेलेली कुटुंबे संध्याकाळी बोटीवर कुडकुडतात ती यामुळेच.

नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा, जून ते सप्टेंबर हा हिवाळा, तर मे आणि ऑक्टोबर हे सांध्याचे महिने, अशी तिथल्या हवामानखात्याची विभागणी आहे. उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७° से., हिवाळ्याचे २०.४° से.; फरक जेमतेम चार अंशांचा. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाचे कमाल तापमान सरासरी २९° से.च्या आसपास जाते, तर जुलै-ऑगस्टच्या रात्री पारा १६° से.च्या जवळ उतरतो. पुण्याचा मार्च-एप्रिल काढलेल्या माणसाला यातले काहीच टोकाचे वाटणार नाही. तेव्हा थर्मामीटर पाहून महिना ठरवण्यात अर्थ नाही. खरा फरक करतात वारा आणि पाऊस.

बेटावर वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. हिवाळ्यात बेटाच्या दक्षिणेकडचा हवेच्या उच्च दाबाचा पट्टा बळकट होतो आणि या वाऱ्यांना जोर चढतो. हा तोच ‘मास्करीन उच्च दाब’, ज्याच्याकडे भारतीय हवामानशास्त्रज्ञ दर मोसमात डोळे लावून असतात. त्याच्याकडून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, उजवीकडे वळते आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन कोकणावर कोसळते. जुलैत पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारच्या वाळूवर वाळत घातलेला टॉवेल उडवून नेणारा वारा आणि रत्नागिरीत कौले उडवणारा वारा हे एकाच घराण्यातले. फक्त तिथे तो गार आणि त्या मानाने कोरडा असतो.

हा वारा पूर्व किनाऱ्यावर समोरून येतो. बेल मार, त्रू-द’ओ-दूस, इल-ओ-सेर हा भाग त्यामुळे उन्हाळ्यात हवाहवासा असतो. दमट दुपारी तिथली झुळूक सुख देते. जून ते ऑगस्टमध्ये मात्र तिथे दिवसचे दिवस वारा थांबत नाही, पाणी चोपडे राहत नाही आणि वाळू अंगाला टोचते. याच दिवसांत पश्चिमेकडचा फ्लिक-आं-फ्लाक किंवा वायव्येचा त्रू-ओ-बिश डोंगरांच्या आडोशाला निवांत असतो. नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न हा अपवाद. तिथे वारा डोंगराला वळसा घालून येतो आणि पतंगाच्या जोरावर पाण्यावर घसरणारे काइटसर्फर जून ते सप्टेंबर मुद्दाम तिथेच तळ ठोकतात. एकाचा खराब हंगाम तो दुसऱ्याचा ऐन हंगाम असतो.

बेटाला जवळपास चहूकडून प्रवाळभित्तीचे कडे आहे. लाटा त्या भित्तीवर फुटतात आणि आतले उथळ, हिरवट-निळे पाणी शांत राहते. दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री इथे हे कडे तुटलेले आहे. तिथे समुद्र थेट किनाऱ्याच्या उभ्या खडकांवर आदळतो. हिवाळ्यात ते दृश्य पाहण्यासारखे असते. पोहण्यासारखे कोणत्याच महिन्यात नसते.

पावसाचे गणित असे : बेटाची वार्षिक सरासरी सुमारे २,००० मिमी., त्यातला दोन तृतीयांश नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. फेब्रुवारी-मार्च सर्वांत ओले, ऑक्टोबर सर्वांत कोरडा. पण ही सरासरी फसवी आहे. मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिमी.पर्यंत पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर ६०० मिमी.च्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक आपल्याला परका नाही, तसेच हे. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे क्यूरपीप हे गाव त्याच्या पावसासाठी बेटभर थट्टेचा विषय आहे. फ्लिक-आं-फ्लाकला डोळे दिपवणारे ऊन सोडून मोटारीने निघावे, अर्ध्या-पाऊण तासात क्यूरपीपला पोचावे, तर धुके, भुरभुर आणि स्वेटर घालून बसची वाट पाहणारी माणसे दिसतात. हॉटेलच्या खिडकीतून ढग दिसले म्हणून दिवस फुकट गेला असे समजू नये; बेट लहान आहे, दुसऱ्या बाजूला बहुधा ऊन असते. उन्हाळी सरही थोडा वेळ धो-धो कोसळून निघून जाते. आपल्या झडीसारखा आठ-आठ दिवस सूर्य न दिसणे हा प्रकार विरळा.

चक्रीवादळे

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ चक्रीवादळांचा, आणि त्यातही जानेवारी ते मार्च धोक्याचा. प्रत्येक वादळ बेटावर येत नाही. बहुतेक दुरून जातात, पाऊस देतात आणि तलाव भरतात. डोक्यावरून गेलेली मात्र पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत राहतात. १९६० च्या फेब्रुवारीअखेरीस आलेल्या ‘कॅरल’ने लाकडी आणि गवताने शाकारलेली घरे इतक्या संख्येने पाडली, की त्यानंतर बेटाचे रूपच पालटले. आज गावोगाव दिसणारी सपाट छपरांची सिमेंटची घरे ही बऱ्याच अंशी कॅरलची देणगी. १९७५ च्या फेब्रुवारीतल्या ‘जेर्व्हेझ’च्या वेळी वाऱ्याचा झोत ताशी २८० किमी. नोंदला गेला. अलीकडे १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’च्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांना नद्यांचे रूप दिले आणि मोटारी वाहून एकमेकींवर चढल्या. ३० मार्च २०१३ रोजी तर वादळ नसताना नुसत्या ढगफुटीसारख्या पावसाने याच शहरात ११ बळी घेतले.

इशाऱ्याची पद्धत परंपरेने वर्ग १ ते ४ अशी आहे. पहिल्या वर्गाला लोक खिडक्यांची झडप तपासतात आणि दुकानांत पाव, मेणबत्त्या, डबाबंद मासे यांसाठी रांगा लागतात. तिसऱ्या वर्गाला रस्ते ओस पडतात, बस आणि विमाने बंद होतात. चौथा वर्ग म्हणजे ताशी १२० किमी.चे झोत प्रत्यक्ष सुरू झाले. पर्यटकाला जिवाचा धोका फारसा नसतो, कारण हॉटेले भक्कम आहेत. पण पाच दिवसांच्या सहलीतले दोन दिवस खोलीत बंद आणि परतीचे विमान रद्द, ही शक्यता जानेवारी-फेब्रुवारीत धरून चालावे. लग्नसराई आटोपून फेब्रुवारीत मधुचंद्राला निघणाऱ्या जोडप्यांना प्रवास कंपन्या हे क्वचितच स्पष्ट सांगतात.

मग जावे कधी? पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंतचा काळ निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वारा पडलेला असतो, पाणी कोमट होऊ लागलेले असते आणि वादळे अजून लांब असतात. पावसाची तूट मात्र याच दिवसांत जाणवते. तलावांची पातळी खाली जाते आणि वस्त्यांमध्ये पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते, जरी हॉटेलातल्या पाहुण्याला त्याची कल्पनाही नसते. दुसरी पसंती एप्रिलअखेर ते मेअखेर. पावसाने बेट हिरवेगार झालेले, समुद्र अजून उबदार, आणि ऊस माणसापेक्षा उंच. या उसाचा एक तोटा म्हणजे मोटारीतून दोन्ही बाजूंना हिरव्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. ऑक्टोबरात तोड झाली, की त्याच रस्त्यावरून एकदम डोंगर दिसू लागतात.

विशिष्ट हौशी असणाऱ्यांची उत्तरे निराळी. कुबड्या देवमासे दक्षिणेच्या थंड समुद्रातून इकडे येतात ते जुलै ते सप्टेंबरमध्ये. स्पर्म व्हेल पश्चिम किनाऱ्यालगत वर्षभर असतात. मार्लिनच्या गळमासेमारीसाठी नोव्हेंबर ते मार्च. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या हौशी लोकांना उन्हाळ्यातले पाणी आवडते. फेब्रुवारीत ते २७° से.पर्यंत तापते, ऑगस्टमध्ये २२-२३° से.वर येते. पोर्ट लुईच्या शां-द-मार्स मैदानावर १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, त्यांचा मोसम मुख्यतः हिवाळ्याभोवती फिरतो. लिची खायची तर नोव्हेंबर-डिसेंबरला पर्याय नाही. परसातल्या झाडांवर वटवाघळांपासून राखायला जाळी टाकलेली असतात आणि रस्त्याकडेला जुड्या बांधून फळ विकले जाते. नाताळ ते नववर्ष हे दोन आठवडे दर सर्वांत चढे. जून सर्वांत स्वस्तांपैकी. दिवसाची लांबीही हिशेबात घ्यावी : जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सातच्या जवळ.

सणांचा विचार करणाऱ्याला महाशिवरात्र टाळता येत नाही. त्या आठवड्यात बेटभरातून लाखो माणसे पांढऱ्या कपड्यांत, सजवलेल्या कावडी घेऊन पठारावरच्या गंगा तलावाकडे पायी निघतात. रस्ते तुंबतात, वाटेवर फुकट सरबत आणि खाणे वाटले जाते. ज्याला मोटारीने दक्षिण पाहायची आहे त्याने त्या आठवड्यात जाऊ नये, आणि ज्याला मॉरिशसची माणसे पाहायची आहेत त्याने त्याच आठवड्यात जावे.

आणि गणपती. १८३४ नंतर मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे, त्यातही रत्नागिरीकडच्यांचे, वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. गणेशोत्सवाची परंपरा १८९६ पर्यंत मागे नेली जाते आणि गणेश चतुर्थीनिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ही सुट्टी अलीकडच्या वर्षांत चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, येते : २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, सुट्टी २८ ला. दीड दिवसाच्या गणपतीच्या हिशेबाशी ते जुळते. तिकीट काढताना हा एक दिवस मोजावा. कोकणातला गणपती चिखल तुडवत, प्लॅस्टिकचा कागद पांघरून येतो. तिथला येतो हिवाळ्याच्या शेवटी, सुक्या वाऱ्यात, उसाची तोड चालू असताना. कोकणातल्या जाखडी नाचाला तिथे ‘झाकरी’ म्हणतात. फेर धरून नाचणाऱ्यांची गाणी आपल्या ओळखीची, उच्चार मात्र क्रिओलच्या, म्हणजे तिथल्या बोलीच्या, वळणाचे. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून विसर्जन पाहायचे तर दुपारीच किनारा गाठावा, आणि अंगावर एखादे जाकीट असू द्यावे.