लिहिलं ‘नागपूर’, ऐकू आलं भलतंच

कृतिदेव फाँट निवडून ‘नागपूर’ टाइप करा. पडद्यावर नागपूरच उमटेल, पण फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. फाँट म्हणजे या अक्षरांवर चढवलेलं मराठी सोंग. आपण सोंग पाहतो. अंध माणसाच्या फोनमधला किंवा संगणकातला स्क्रीन रीडर मात्र आतली अक्षरं उचलतो आणि इमानेइतबारे तीच वाचून दाखवतो. उद्या पाणी येणार नाही अशी सूचना या फाँटमध्ये असेल, तर ऐकणाऱ्याच्या कानी पडते नुसती बडबड.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही भानगड नाही. तिथे ‘न’चा क्रमांक २३४४, मग फाँट कुठलाही असो.

पण युनिकोड वापरूनही घोळ घालता येतो, आणि तो आपल्याकडे कार्यालयीन शिस्तीनेच घातला जातो. सूचना संगणकावर टाइप होते, तिची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, मग तो कागद स्कॅन होऊन पीडीएफ वेबसाइटवर चढते. मूळ फाइलमध्ये प्रत्येक अक्षर होतं. आता उरला कागदाचा फोटो. फोटोत वाचण्याजोगा मजकूरच नसल्याने स्क्रीन रीडर गप्प बसतो. फोटोतून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पुसट शिक्क्याखालचं जोडाक्षर आलं की तीही चाचपडतात. शिक्क्याची प्रत हवी तर ठेवा, शेजारी मूळ मजकूरही टाका. त्याला वेगळा खर्च नाही.

आता घरटॅक्सचा अर्ज घेऊ. डोळस माणसाला ‘इंडेक्स नंबर’ ही अक्षरं आणि शेजारची चौकट यांचं नातं जागेवरून कळतं. स्क्रीन रीडर पडद्यावरची जागा पाहत नाही. ब्राउझर पानाच्या कोडवरून जी यादी तयार करतो, ती तो वाचतो. कोडमध्ये चौकटीला नाव जोडलेलं नसेल, तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर एवढंच म्हणतो: ‘एडिट, ब्लँक’. अशा पाच चौकटी ओळीने आल्या तर इंडेक्स नंबर कुठे आणि मोबाइल नंबर कुठे, हे अंदाजाने ठरवायचं. बरं, हा एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केला. ज्याला गरज होती, त्यानेच ते काम हाती घेतलं.

अंधत्वाच्या अलीकडे कमी दिसणारे पुष्कळ आहेत. संत्रानगरीच्या पानावर नारंगी अक्षरं असावीत, असा मोह कुणालाही होईल. मात्र आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजेड किमान ४.५ : १ या प्रमाणात वेगळा हवा. पांढऱ्यावर काळ्याचं प्रमाण २१ : १ भरतं, नेहमीच्या नारंगीचं जेमतेम २ : १. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना ती अक्षरं उन्हात धरलेल्या फोनवर दिसणारच नाहीत. नारंगी पट्टीवर काळी अक्षरं लिहा, हौसही भागेल.

सरकारी पानांच्या डोक्यावर अक्षरं लहान-मोठी करायची बटणं असतात, त्यांचं मला फारसं कौतुक नाही. ते काम ब्राउझर स्वतःच करतो, आणि स्क्रीन रीडरला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

कायदा आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेसाठी कलम ४२ आहे. सरकारी वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं.

पान कसं आहे हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि टॅबची कळ दाबत जा. हाताला कंप असलेले, माउस धरू न शकणारे अनेकजण असंच काम करतात. मी एका सरकारी पानावर हे करून पाहिलं. सगळा मेन्यू ओलांडून अर्जापर्यंत पोहोचलो, चौकटी भरल्या, पण ‘पुढे जा’वर टॅब काही थांबेना; सरळ पानाच्या तळाशी उडी मारे. नंतर कोड उघडला. ते बटण नव्हतंच, बटणासारखा रंगवलेला चौकोन होता.