टाकीतल्या गोळ्याचं गणित

इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा गोळ्याचा नळ, मागितला की काउंटरवरून ठरलेला सवाल येतो, "पीतल का दूँ या प्लास्टिक का?" सवाल रास्त आहे, पण तो दुसरा. कॉक बसणार कुठे आणि तिथे पाण्याचा दाब किती, हा पहिला. तो सहसा कुणी विचारत नाही, आणि मग आयएसआय मार्कचा महागडा कॉकसुद्धा रात्रभर झिरपत बसतो.

यंत्र तसं साधं. पाणी एका बारीक छिद्रातून टाकीत येतं. छिद्राच्या तोंडाशी रबरी वॉशर, तो दाबणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला गोळा. पाणी चढलं की गोळा उचलला जातो, दांडी तरफ बनून वॉशर छिद्रावर दाबते. लाइनीतलं पाणी उलट बाजूनं वॉशरला ढकलत असतंच. गोळ्याचा जोर वरचढ ठरला की पाणी बंद.

आकडे घालून पाहू. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब देतो. समजा लाइनीत तीन किलो दाब आहे आणि छिद्र ६ मिलिमीटरचं. छिद्राचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२८ चौरस सेंटिमीटर, म्हणून वॉशरवर सुमारे ८५० ग्रॅमचा जोर. दांडीची लांब बाजू आखूड बाजूच्या दहापट धरली तर गोळ्यानं ८५ ग्रॅम उचल दिली की झालं. साडेअकरा सेंटिमीटर व्यासाचा गोळा अर्धा बुडला तरी ४०० ग्रॅम पाणी बाजूला सारतो, तेव्हा काळजी नाही. आता छिद्र १२ मिलिमीटरचं करा. जोर चौपट होतो आणि गोळ्याला ३४० ग्रॅम उचल द्यावी लागते. गोळ्याचं आणि दांडीचं वजन वजा जाता अर्धा बुडालेला गोळा इथे कमी पडतो. तो आणखी बुडतो, पातळी खुणेच्या वर जाते आणि ओव्हरफ्लो वाहू लागतो.

मग छिद्र बारीकच बरं? आपल्याकडे तसंही नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी मिळतं ते ठरावीक वेळ, आणि तेवढ्यात अंगणातला हौद भरला पाहिजे. लाइनीत पाच मीटरएवढाच दाब असेल तर ६ मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे ६०० लिटर पाणी येईल. व्यास दुप्पट केला की पाणी चौपट, आणि इतक्या कमी दाबाला गोळा बारा मिलिमीटरचं छिद्रही सहज बंद करतो. म्हणूनच पितळी कॉकच्या भारतीय मानकात, आयएस १७०३ मध्ये, दोन जाती आहेत: एचपी म्हणजे जास्त दाबाचा आणि एलपी म्हणजे कमी दाबाचा. ही अक्षरं कॉकच्या अंगावर शोधायची. दुकानदार पाकिटावरची किंमत दाखवतो, तुम्ही कॉक उलटा करून पाहा.

गच्चीवरची टाकी मोटरनं भरत असाल तर तिथे बॉल कॉक नकोच, असं माझं मत आहे. कॉक बंद झाला तरी मोटर चालूच राहते, पाणी जागच्या जागी घुसळून तापतं आणि पाइपाचे सांधे ताणले जातात. तिथे मोटर बंद करणारा फ्लोट स्विच हवा.

खरी गंमत संडासाच्या फ्लश टाकीत आहे. हल्ली तिथे लांब दांडीचा गोळा दिसत नाही, उभ्या नळीवर सरकणारं पेल्याएवढं फ्लोट असतं. एवढंसं फ्लोट लाइनीतला दाब कसं अडवतं? ते अडवतच नाही. आत रबराचा पडदा असतो आणि पडद्याला सुईएवढं छिद्र. त्यातून थोडं पाणी पडद्यामागे जातं. फ्लोट मागची बारीक वाट तेवढी बंद करतं, पडद्यामागे दाब साठतो आणि लाइनीतलं पाणीच पडदा दाबून स्वतःची वाट बंद करतं. युक्ती सुरेख आहे, पण तिला किमान दाब लागतो. गच्चीच्या लगेच खाली असलेल्या बाथरूममध्ये टाकीची उंची दीड मीटर धरा. दाब फक्त ०.१५ किलो. तेवढ्यावर काही व्हॉल्व्हचा पडदा नीट बसत नाही आणि धार चालू राहते. तळमजल्यावर तोच व्हॉल्व्ह निमूट काम करतो. प्लंबर 'माल खराब' म्हणून दुसरा बसवतो, तोही तसाच वागतो. अशा जागी पाकिटावरचा किमान दाब वाचावा, नाहीतर जुना दांडी-गोळ्याचा एलपी कॉक घ्यावा.

दुसरी गोष्ट आरोग्याची. लाइनीतलं पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि सखल भागाकडे वाहत्या पाण्यामागे ओढ तयार होते. कुणी लाइनीला थेट मोटर लावली तर ही ओढ फारच वाढते. अशा वेळी कॉकचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असेल आणि वॉशर नीट बसला नसेल, तर टाकीतलं पाणी उलटं लाइनीत जातं. १९३३ मध्ये शिकागोत दोन हॉटेलांच्या नळकामातल्या अशाच दोषांतून अमीबिक आमांश पसरला आणि ९८ माणसं दगावली. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून कॉकच्या तोंडाला रबरी नळी लावून ती टाकीत सोडण्याची आपल्याकडची हौस म्हणूनच धोक्याची. इंग्लंडमध्ये गार्स्टनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशननं पडद्याचा कॉक घडवला, त्यात पाणी वरच्या अंगानं बाहेर पडतं आणि पातळीपासून दूर राहतं. आपल्याकडे प्लास्टिक अंगाच्या पडद्याच्या कॉकला आयएस १३०४९ हे मानक आहे आणि प्लास्टिकच्या गोळ्याला आयएस ९७६२. आयएसआय खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की खरंखोटं कळतं.

पितळ की प्लास्टिक, त्याचं उत्तर पाण्यावर आहे. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या खडकातून येतं, ते जड. त्याचा क्षार छिद्राच्या काठावर बसतो आणि वॉशर टेकत नाही, मग कॉक कुठलाही असो. हलक्या पितळातलं जस्त हळूहळू विरघळून जातं, अंग गुलाबी दिसू लागतं आणि ठिसूळ होतं. हौदाला मी जाड पितळच घेईन. फ्लश टाकीत चांगलं प्लास्टिक पुरतं.

झिरपण्याकडे काणाडोळा करू नये, कारण इंदूरच्या नळाचं पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून, येतं. १९७८ पासून ते विंध्याचा कडा चढतंय. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला पंपात वाया जाणारी वीज न धरताही एक युनिटहून जास्त वीज लागते. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातात, आणि संडासातली धार थेंबाहून मोठी असते.

पण व्हॉल्व्ह बदलण्याआधी टाकीचं झाकण काढून पातळी पाहा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या काठाला लागलं असेल तर दोष फ्लोट व्हॉल्व्हचा. पातळी खाली असूनही टाकी अधूनमधून आपोआप भरत असेल तर टाकीत नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर दोष तळाच्या रबराचा, आणि नवा व्हॉल्व्ह आणलात तरी ते पाणी थांबणार नाही.