शाळेच्या लॅपटॉपवरचं कुलूप

सप्टेंबर २०१३. लॉस एंजेलिसच्या रुझवेल्ट हायस्कूलमध्ये शाळेचे आयपॅड वाटले गेले आणि आठवडाभरात सुमारे ३०० मुलांनी त्यांवरची बंधनं काढून टाकली. त्यासाठी हॅकर व्हावं लागलं नाही. शाळेचं प्रोफाइल पुसलं, की फेसबुक सुरू.

आता ते इतकं सोपं राहिलेलं नाही. नको त्या साइट अडवणारा साधा फिल्टर डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेवर चालतो: साइटचं नाव अडवलेल्या यादीत असेल, तर तिचा पत्ताच मिळत नाही. कडक फिल्टर मात्र थेट मजकुरात शिरतो. शाळा लॅपटॉपमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझर ज्यावर विश्वास ठेवतो असं डिजिटल ओळखपत्र, घालते. मग मुलाने उघडलेलं पान वाटेत फिल्टर उघडतो, वाचतो आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे धाडतो. ब्राउझरमधलं सुरक्षिततेचं चिन्ह तसंच दिसत राहतं. त्यामागचं सर्टिफिकेट उघडून ते कोणी जारी केलंय पाहिलं, तर तिथे शाळेचं किंवा फिल्टर कंपनीचं नाव सापडतं. मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

यातून सुटायला मुलं फुकटची वेब प्रॉक्सी, म्हणजे अडवलेली पानं आपल्यामार्फत मागवून दाखवणारी साइट, शोधतात. पण त्या पानातून जे काही टाइप होतं, अगदी पासवर्डसुद्धा, ते प्रॉक्सी चालवणाऱ्याला वाचता येतं. शाळेला निदान जाब विचारता येतो. या अनोळखी माणसाला कुठे गाठणार? म्हणून पळवाट मला चूक वाटते, आणि शाळेचा लॅपटॉप वापरताना आपण तिच्या अटी मान्य केलेल्या असतात, हेही आहेच.

पण मुलांची तक्रार खोटी नसते. अमेरिकेचा २००० सालचा कायदा इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना फिल्टर सक्तीचा करतो, तो अश्लील आणि मुलांना घातक चित्रांपुरता. त्यापलीकडे काय अडवायचं, हे शाळा ठरवते आणि तिथेच घोळ होतो. मिसुरीतल्या कॅमडेंटन शाळांच्या फिल्टरने समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या साइट ‘लैंगिकता’ या खात्यात टाकून बंद केल्या होत्या. त्याच विषयावरच्या विरोधी साइट मात्र उघडत होत्या. या भेदाविरुद्ध संबंधित संस्था कोर्टात गेल्या, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी शाळांना तो फिल्टर तसा वापरायला मनाई केली.