आकाशवाणीचा दिनक्रम, कोकणातील : शास्त्रीय संगीत आणि भाषणे

कोकण किनाऱ्यावर ऐकू येणाऱ्या आकाशवाणी केंद्रांनी दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बसवलेला रागसंगीताचा आणि माहितीपर भाषणांचा क्रम. मुंबई, रत्नागिरी आणि पणजी ही त्यांतली प्रमुख केंद्रे. मुंबईचे केंद्र सर्वांत जुने. ते २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. पणजीत पोर्तुगीज अमदानीत ‘एमिसोरा द गोवा’ होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तिथे आकाशवाणी आली. रत्नागिरी केंद्र ११४३ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीवर (मीडियम वेव्ह) ऐकले जाते.

या किनाऱ्याला मध्यम लहर विशेष मानवली. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने समुद्रावरून जाणारी लहर फारशी क्षीण न होता लांबवर पोहोचते. एफएमची लहर मात्र जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि सह्याद्रीच्या सोंडांआड वसलेल्या वाड्यांवर ती अडते. रात्री आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) बदलांमुळे दूरची केंद्रे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे दिवसाचे ऐकणे अधिक स्वच्छ.

प्रसारण तीन सभांत, म्हणजे सत्रांत, विभागलेले असते. पहिली सभा शिवरंजनी रागाची छाया असलेल्या संकेतधूनेने उघडते. ही धून साधारणपणे वॉल्टर काउफमान यांच्या नावावर सांगितली जाते. ते त्या काळी मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळत. धुनेमागून ‘वंदे मातरम्’, मंगलध्वनी, भक्तिगीते आणि चिंतन, आणि मग सकाळचे गायन किंवा वादन : भैरव, रामकली, तोडी. दुपारच्या सभेत सारंगाचे प्रकार आणि भीमपलासी, संध्याकाळी पूरिया किंवा मारवा, दिवेलागणीनंतर यमन, रात्री बागेश्री आणि मालकंस.

या क्रमाचे मोल मैफलींकडे पाहिले की कळते. तिकिटाच्या मैफली बहुधा संध्याकाळनंतर होतात. त्यामुळे दुपारचा गौड सारंग किंवा मुलतानी मंचावर क्वचितच गायला जातो. दुपारच्या सभेने हे राग जिवंत ठेवले आणि तेही कोणाला मुंबईची बोट किंवा एसटी धरायला न लावता. घरातली कामे चालू असताना राग आपल्या वेळेला कानावर पडणे, हे कोकणातल्या कितीतरी श्रोत्यांचे खरे संगीतशिक्षण होते. शिवाय जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल निवांत मांडायला जागा मिळाली ती रेडिओवरच.

कलाकारांची निवड ध्वनिचाचणीने होते आणि त्यांना श्रेणी दिली जाते. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन. त्या वेळचे माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांचा शास्त्रीय संगीताचा आग्रह त्यामागे होता; चित्रपटगीतांबाबतच्या त्यांच्या कडक धोरणावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. पेटीवर (हार्मोनियमवर) आकाशवाणीने १९४० मध्ये घातलेली बंदी १९७१ पासून शिथिल होत गेली. कोकणातल्या भजनाचा प्राणच पेटी! देवळात रोज ती ऐकणाऱ्याला रेडिओवर साथीला सारंगी ऐकू येई.

किनाऱ्याने रेडिओला माणसेही दिली. मंगेशीचे गायक जितेंद्र अभिषेकी मुंबई केंद्राच्या कोंकणी विभागात नोकरीला होते.

भाषणांचा भाग संगीताइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची दखल मात्र फार कमी घेतली जाते. दहा-पंधरा मिनिटांच्या भाषणात वक्त्याला लेख वाचून दाखवून चालत नाही. वाक्ये छोटी लागतात, आणि ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही म्हणून मुख्य मुद्दा दोनदा सांगावा लागतो. चांगले वक्ते हे करतात. आरोग्य, कायदा, इतिहास, विज्ञान हे विषय सर्वच केंद्रांवर असतात. कोकणाची खूण म्हणजे बागायतीची भाषणे. आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे आणि भुरी, फवारणीची वेळ, हापूसमधला साका (फळाच्या गरात होणारा दोष), काजूची कलमे, माडाची निगा. १९७२ मध्ये दापोलीत स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांचे ज्ञान या मार्गाने बागांपर्यंत गेले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून विद्यापीठाने काढलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही, ही गोष्ट हापूसच्या बागायतदाराला ऐकायलाच हवी अशी आहे. मच्छीमारांसाठी हवामानाचे इशारे असतात. पावसाळ्यात दिवस-दिवस वीज गेली तरी सेलवरचा ट्रान्झिस्टर चालतो, हा श्रोत्यांचा मोठा आधार.

२६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी सुरू केली. ती मोबाईलवरही ऐकता येते, त्यामुळे डोंगराआडच्या वाडीतही नेटवर्क असेल तर दुपारचा सारंग मिळतो. तिच्यावर मोहोराच्या फवारणीचा सल्ला नसतो. त्यासाठी रत्नागिरीच लावावे लागते.