शितावरून भात, पण कुठल्या शितावरून?

आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची मध्यंतरी सभा झाली. विषय वॉचमनच्या पगारवाढीचा. मेंटेनन्स वाढणार म्हटल्यावर एक गृहस्थ उठले. दोन गाड्या, मुलगी कॅनडात. म्हणाले, "आपण मध्यमवर्गीय माणसं, किती भार सोसायचा?" कुणी हसलं नाही. मीही नाही, कारण मीही स्वतःला तेच समजतो.

घरी येऊन आकडे काढले. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतातल्या सगळ्यात वरच्या 5 टक्के लोकांचा दरमहा दरडोई खर्च सरासरी 20,824 रुपये निघाला, तळच्या 5 टक्क्यांचा 2,001. चौघांच्या घराला वरचा आकडा लावला तर 83 हजारांच्या आसपास. (घराचा हप्ता यात धरत नाहीत, आणि खरे श्रीमंत अशा पाहण्यांच्या हाती सहसा लागत नाहीत, हे मान्य.) तरी आमच्या बिल्डिंगमधली बरीच घरं मधोमध नाहीत, पार शेंड्याजवळ आहेत.

गृहस्थ खोटं बोलत नव्हते. समाजशास्त्रज्ञ लोकांना दहा पायऱ्यांची शिडी दाखवून विचारतात, तुम्ही कुठल्या पायरीवर? देश कुठलाही असो, मधल्या पायऱ्यांवर दादर स्टेशनसारखी गर्दी होते. श्रीमंत खाली उतरतात, गरीब वर चढतात.

असं का होतं, तो भाग मला फार आवडतो. समजा, शहरातली 100 घरं कमाईप्रमाणे रांगेत उभी केली; पहिलं सगळ्यात गरीब, शंभरावं सगळ्यात श्रीमंत. तुमचं नव्वदावं. तुमच्या ओळखीची 20 घरं चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर साधारण 18 तुमच्या मागची निघाली असती आणि 2 पुढची. पण ओळखी चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. त्या लिफ्टमध्ये, ऑफिसात, मुलांच्या शाळेच्या गेटवर, लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये होतात. म्हणजे घरं येतात 80 ते 100 च्या टप्प्यातली. त्यातली 10 मागे, 10 पुढे. मेंदू चोख मोजतो आणि सांगतो, निम्मे माझ्यापुढे, म्हणजे मी मध्यावर! मोजणी बरोबर, शितं मात्र सगळी पातेल्याच्या एकाच कडेची.

संख्याशास्त्रात यावर उतारा आहे. नमुना ज्या टप्प्यातून आला, त्या टप्प्याच्या आकाराइतकंच वजन त्याला द्यायचं. 80 ते 100 हा रांगेचा पाचवा भाग, म्हणून तुमच्या 20 ओळखींना मिळून वजन 20. त्यातलं निम्मं, म्हणजे 10, तुमच्या मागे. त्यात कधी न भेटलेल्या खालच्या 80 चं वजन मिळवलं की 90. हिशेब जुळला. फक्त जे कधी दिसलंच नाही त्याला वजन देणं मेंदूला जमत नाही.

आमच्या वॉचमनला मी शिडीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गावाकडं बघितलं तर सहावी." त्यांची शितं गावाकडची.

'मागच्या जन्मीचं पुण्य', 'पत्रिकेतला धनयोग' यांनी विषमतेचं कोडं सोडवणाऱ्यांना इथेच रामराम. पण विज्ञानाच्या नावाने फिरणाऱ्या फॉरवर्डलाही डोळे झाकून मान डोलावू नये. 2011 मध्ये गाजलेल्या एका अभ्यासात अमेरिकन लोकांनी अंदाज केला की वरच्या 20 टक्क्यांकडे देशाची 59 टक्के संपत्ती असेल. खरा आकडा होता 84 च्या घरात. 'लोकांना काहीच कळत नाही' असा गवगवा झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी टक्क्यांऐवजी प्रत्येक गटातल्या घराकडे सरासरी किती संपत्ती असेल ती रक्कम विचारली, तर त्याच देशातल्या लोकांनी कितीतरी मोठी विषमता सांगितली. प्रश्नातला '20' हा आकडाच उत्तराला खाली ओढत होता.

देशोदेशी कल्पना वेगळ्या. 40 देशांच्या 2014 च्या एका अभ्यासात अमेरिकनांना वाटत होतं की मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला अकुशल कामगाराच्या 30 पट पगार मिळतो, आणि असावा 7 पट. प्रत्यक्षात तो साडेतीनशे पटींवर होता. डेन्मार्कचे लोक दुपटीवरच खूश.

चुकीची पायरी दुरुस्त करून दिली तर मत बदलतं का? ब्युनोस आयरीसमध्ये स्वतःला वरचे समजणाऱ्या गरिबांना खरी जागा सांगितली, तेव्हा सरकारने गरिबांना जास्त मदत करावी असं ते म्हणू लागले. स्वीडनमध्ये उलटी गंमत. तिथे बहुतेकांना आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटत होतं. तुम्ही वर आहात हे कळल्यावर, मुळात उजव्या विचारांचे जे होते, त्यांना श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणं आणखी कमी हवंसं झालं.

पुढच्या सभेत मी 20,824 चा आकडा वाचून दाखवला. गृहस्थ म्हणाले, "बरोबर आहे, पण हप्ते बघा ना." पगारवाढीचा विषय दिवाळीनंतर घेऊ असं ठरलं.