न फिरवलेली बॅट

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधला ‘वॉक’ फुकटचा वाटतो. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चार चेंडू स्ट्राइक झोनच्या (फलंदाजासमोरच्या ठरावीक चौकटीच्या) बाहेर गेले आणि फलंदाज त्यांच्या मोहात पडला नाही, की पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा, आपोआप मिळाला. आपल्या वाइडसारखंच हे, चूक टाकणाऱ्याची. यात फलंदाजाचं कसलं कौतुक? मलाही असंच वाटायचं, एडी योस्टचे आकडे पाहीपर्यंत.

1956 साली वॉशिंग्टन सेनेटर्सच्या या खेळाडूची फलंदाजीची सरासरी (बेसबॉलमध्ये ही यशस्वी फटक्यांचं प्रमाण सांगते) होती .231, म्हणजे बेताचीच. पण त्या मोसमात त्याने 151 वॉक मिळवले, अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मुख्य लीगांपैकी एक) सर्वाधिक. असा तो सहा मोसमांत अव्वल राहिला, ‘वॉकिंग मॅन’ हे नावच पडलं. बॅरी बॉन्ड्सचा 2004 मधला 232 वॉकचा विक्रम मोठा खरा, पण त्यातले 120 त्याच्या फटक्यांच्या धास्तीने मुद्दाम दिलेले. योस्टची धास्ती कोण घेणार? त्याने ते नजरेवर कमावले.

नजरेवर म्हणजे नेमकं कसं, हीच गंमत आहे.

हातून सुटलेल्या चेंडूला प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटापर्यंत, साधारण 17 मीटर जायचं असतं. वेग ताशी 144 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 40 मीटर धरा. एकूण वेळ 0.42 सेकंद. त्यातले सुमारे 0.15 बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे चेंडू 6 मीटरवर आहे तोवर ‘मारू की सोडू’ हे ठरलेलं हवं. आणि झोनच्या कडेवरचा चेंडू व 10 सेंटिमीटर बाहेर जाणारा चेंडू यांच्या सुटतानाच्या दिशेत फरक किती? अंशाचा एक तृतीयांश!

‘चेंडू बॅटवर येईपर्यंत नजर हटवू नकोस’ असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. ते जमणारच नाही. चेंडू डोळ्यांच्या बाजूने समजा 0.8 मीटरवरून जातो. मग डोळ्याला किती वेगाने वळावं लागेल? चेंडूचा वेग गुणिले हे 0.8, भागिले डोळा आणि चेंडू यांच्यातल्या थेट अंतराचा वर्ग. उत्तर रेडियनमध्ये येतं, त्याला 57.3 ने गुणा. चेंडू 17 मीटरवर असताना सेकंदाला फक्त 6 अंश. 6 मीटरवर 50. 3 मीटरवर 190, आणि 1 मीटरवर 1100 च्या वर! भाजक वर्गाने घटतो, त्याचा हा प्रताप. डोळा सलग पाठलाग करू शकतो तो सेकंदाला 100 अंशांच्या आसपास. म्हणजे शेवटचे चारेक मीटर चेंडू नजरेतून निसटलेलाच असतो. पण निर्णय त्याआधीच झालेला असतो. सुरुवातीच्या झलकेवरून आणि फिरकीवरून मेंदू पुढचा मार्ग बांधतो. वॉक मिळवणारा या अंदाजात पक्का असतो.

यावर दंतकथा फार. आठ मोसमांत वॉकमध्ये अव्वल राहिलेल्या टेड विल्यम्सला म्हणे ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवरचं लेबल वाचता यायचं. त्याने स्वतःच ते झिडकारलं. वेड बॉग्ज तर प्रत्येक सामन्याआधी कोंबडीच खायचा, आणि 1986 व 1988 मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक वॉक त्याचेच. 1987 मध्येही कोंबडी होतीच. त्या वर्षी तो 105 वॉकवर थांबला आणि एका वॉकने मागे राहिला.