कपाटामागची अ‍ॅन आणि अंगणातली मुलं

हॉलंडमधल्या एखाद्या साध्या कुटुंबानं महायुद्धात ज्यू मूल सांभाळल्याची हकीगत आली, की सोबत हमखास फोटो असतो तो अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त 263 मधल्या पुस्तकांच्या कपाटाचा. त्या कपाटामागे नाझींपासून लपून रोजनिशी लिहिणारी अ‍ॅन फ्रँक होती. ही मुलं तशी लपलेली नव्हती, आणि हा घोळ पाहून आता खरंच वैताग येतो.

अ‍ॅनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जुलै 1942 ते ऑगस्ट 1944, वडिलांच्या कंपनीची मागची इमारत, आठ माणसं, शिधा आणून देणारे ओळखीचे कर्मचारी.

पण वयं बघा. आत गेली तेव्हा अ‍ॅन 13 वर्षांची, तिची बहीण मार्गो 16 ची, सोबत लपलेला पीटर 15 चा. खाली माणसं कामावर असताना पाऊल वाजवायचं नाही, हे कळण्याचं वय. दोन वर्षांच्या लेकराला हे कसं समजावणार? रात्री ते तापानं रडायला लागलं तर? म्हणूनच ‘आईबापांनी मुलं सोबत का नाही नेली’ हा प्रश्न मला टोचतो. बहुतेक ठिकाणी रडतं मूल सोबत घेणं म्हणजे सगळ्यांनीच पकडलं जाणं होतं.

लहान मुलांना लपवलं ते चारचौघांत. नाव बदललं, की मूल अंगणात खेळे, शाळेत जाई, रविवारी घरच्यांबरोबर चर्चमध्ये बसे. मे 1940 मध्ये रॉटरडॅमवर बॉम्ब पडले होते, त्यामुळे शेजाऱ्यांना सांगायला गोष्ट तयार होती: तिकडचंच आहे, आईबाप गेले बिचाऱ्याचे. काळ्या केसांची मुलं शक्यतो दक्षिणेला लिम्बुर्गकडे धाडत, सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलंडकडे. अ‍ॅनला धोका आवाजाचा होता. या मुलांना स्वतःचं खरं नाव तोंडून निसटण्याचा. 1943 मध्ये ज्यू पकडून देणाऱ्यांना माणशी साडेसात गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मिळत होते आणि हे मूल तर गावाला रोज दिसत होतं. त्यामुळे घरातल्या थोरामोठ्यांनाच नव्हे, त्या घरच्या पोरांनाही रोज खोटं बोलावं लागे, तेही न अडखळता.

मुलं तिथवर पोचत कशी, तेही बघा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझी ज्यूंना छावण्यांत धाडण्याआधी एका नाट्यगृहात डांबत आणि लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवत. मध्ये रस्ता, रस्त्यावरून ट्राम. ट्राम आडवी आली, की नाट्यगृहाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला क्षणभर पाळणाघर दिसेनासं होई, तेवढ्यात पाळणाघरातली बाई मुलाला घेऊन बाहेर पडे. काहींना कुंपणावरून शेजारच्या अध्यापक विद्यालयात दिलं जाई. तिथले योहान फान हुल्स्ट सामील होते. नाट्यगृहाचा कारभार बघणारे वाल्टर झ्युस्किंड नोंदीतून नाव उडवत. पाळणाघर चालवणाऱ्या हेन्रिएट पिमेंटेल पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या. अशी सुमारे 600 मुलं निसटली. त्यासाठी आईबापांना आधी हो म्हणावं लागे, आणि मूल कुठल्या घरी जाणार हे त्यांना सांगत नसत. काही आयांनी छावणीकडच्या गाडीत चढताना, मूल सोबतच आहे असं भासावं म्हणून, दुपट्यात बाहुली गुंडाळून नेली.

ही ताटातूट अ‍ॅनच्या गोष्टीत लपण्याच्या काळात नाही, म्हणून वाचकाला युद्ध संपलं की या मुलांची सुटका झाली असं वाटतं. इथं मात्र आई परत आली तरी मूल तिला ओळखेना. ‘आई’ म्हणून ते दुसऱ्याच बाईला बिलगलेलं. आणि सुमारे 2,000 मुलांचे तर दोन्ही पालक परतलेच नाहीत. त्यांचं काय करायचं हे ठरवायला सरकारनं 1945 मध्ये आयोग नेमला. अध्यक्ष होत्या गेझिना फान डर मोलेन, स्वतः मुलं वाचवलेल्या. ख्रिस्ती घरात रुळलेलं मूल तिथंच राहू द्यावं असा त्यांचा कल; ज्यू सदस्यांचा त्याला कडाडून विरोध. वर्षानुवर्षं भांडणं चालली. माझं मत स्पष्ट आहे: नातेवाईक मागत असताना मूल अडवून ठेवणं अन्यायाचं होतं, ज्या घरानं जीव धोक्यात घालून ते जगवलं त्या घराकडूनही.